धीरांक

माझा आवाज कापत नाही. त्यावरच माझं पोट आहे. सांगली-मिरजेत बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर एखाद्या मंडळाचा सत्कार, सूत्रसंचालनाला सुलक्षणा मगदूम लागते. लाईट गेली, प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले, मांडवात दोन भावकींची जुंपली, तरी बाई हसतमुखाने पुढचं वाक्य बोलते. माझा नवरा भरतेश साऊंडवाला. आमचं लग्नसुद्धा माईकच्या वायरीने जमवलं. मी तिला अडखळून स्टेजवर आडवी झाले आणि पडता पडता "मान्यवरांचं स्वागत आहे" म्हणाले. भरत हे अजून भेटेल त्याला सांगतो.

त्या गुरुवारी विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये बारसं होतं. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी आत्याच्या पाठीत हौसेने बुक्के घातले. मी नाव जाहीर केलं, जेवणाची शेवटची पंगत बसवली आणि स्टेजमागे आले. बरोबर साडेचारला फोन वाजला.

"नमस्कार सुलक्षणाताई, मी सोबत. कसा गेला आठवडा?"

"छान. आत्ताच एक बारसं उरकलं. शर्वरी नाव ठेवलं."

"तुम्हाला कसं वाटलं?"

"गोड आहे पोरगी. जावळ भरपूर आहे."

"पोरीचं नाही, तुमचं विचारतेय."

"मला भूक लागलीय."

सोबत हसली. तिला हसायलाही शिकवलेलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं. "मग जेवून घ्या. जिलबी असली तर एकच. पुढच्या गुरुवारी बोलू."

सात वर्षांत असा एकही गुरुवार चुकला नव्हता.

सत्ताविसाव्या वर्षी माझ्या बीजांडकोशांनी काम थांबवलं. का, याची दहा डॉक्टरांनी दहा कारणं सांगितली. आमच्या पिढीत हे बऱ्याच जणींचं झालंय, त्यामुळे मी रडगाणं गात बसले नाही. आणि उपाय होताच. कातडीतली कुठलीही पेशी घ्या, तिच्या पोटात अख्ख्या शरीराची कृती लिहिलेली असते. तिने फक्त कातडीचं पान उघडून ठेवलेलं असतं. ठरावीक प्रथिनं दिली की ते पान मिटतं आणि पेशी कोरी होते, गर्भाच्या पहिल्या दिवसांत असते तशी. मग तिला एकेक पायरी चढवत बीजांड व्हायला शिकवायचं. त्यात गुणसूत्रं निम्मी करण्याची पायरी फार नाजूक. ती चुकली की सगळं वाया. म्हणून प्रत्येक बीजांड वेगळ्या कुपीत, प्रयोगशाळेत वाढवलेल्या बीजांडकोशाच्या ऊतींच्या कुशीत जवळजवळ सहा महिने सांभाळावं लागतं. अशी केंद्रं महाराष्ट्रात चार. आमचं मिरजेला. तिथे वर्षाला साडेतीनशे जोडप्यांची सोय, आणि आम्ही नाव घातलं तेव्हा पुढे दोन हजार जोडपी होती. म्हणजे सहा वर्षं.

पूर्वी बाईचं वय बघून घाई करायचे. आता पेशी गोठवून ठेवली की वयाला फारसा अर्थ उरला नाही. गर्भाशय तर पन्नाशीपर्यंत कामाला लावता येतं. थांबायला शरीराची हरकत राहिली नाही. मनाची राहिली. आणि लोकांची मनं काही टिकली नाहीत. केंद्रं निघाली त्या पहिल्या चार-पाच वर्षांत यादीतली लग्नं मोडली, नोकऱ्या सुटल्या, आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईने बोलणंच टाकलं. तेव्हा, आम्ही नाव घालायच्या सुमारास, केंद्राने सोबत आणली.

सोबत म्हणजे दर आठवड्याला फोन करणारं यंत्र. पण ते शब्द ऐकत नाही, शब्दांखालचं ऐकतं. बोलताना घशातले स्वरतंतू सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा उघडझाप करतात. दोन उघडझापींमधलं अंतर कधीच अगदी सारखं नसतं, आणि मनावर ताण असला की ते आपल्या नकळत वेगळ्या तऱ्हेने डळमळतं. माणूस आवाज चढवेल, उतरवेल, साखरेत घोळवेल. हे डळमळणं त्याच्या हातात नसतं. सोबत ते मोजायची आणि मग ज्याला जे लागेल ते बोलायची. कुणाला धीर, कुणाला थट्टा, कुणाला नुसतं हं हं. मला ती कामाबद्दल विचारायची. आम्हाला वाटायचं, ती फक्त धीर द्यायलाच आहे.

मग अस्मिताचा नंबर लागला.

अस्मिता माझी नणंद, भरतपेक्षा पाच वर्षांनी लहान. तिने आमच्यानंतर चार वर्षांनी नाव घातलं होतं. ती पेढे घेऊन आली आणि पेढ्यांचा पुडा हातात धरून दारातच उभी राहिली.

"वहिनी, मी मुद्दाम नाही हो केलं काही."

"आत तर ये आधी. काय केलंस?"

"रडायचे मी. दर फोनला. एकदा फोन भिंतीवर आपटला. मागच्या श्रावणात तर दोन दिवस जेवले नव्हते, तेव्हा सोबतने सकाळ-संध्याकाळ फोन लावले." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही नाही रडत तिच्याशी?"

"तिच्याशी कशाला रडू? ती काय माझी आई आहे?"

"माझा धीरांक एकोणीसवर आला होता म्हणे. म्हणून घेतलं. वहिनी, तुमचा किती आहे?"

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी मी आणि भरत केंद्रात गेलो. तिथल्या समुपदेशक डॉक्टर पाटणकर मवाळ बाई होत्या, टेबलावर कुंडीत तुळस ठेवणाऱ्या. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग पडदा आमच्याकडे वळवला.

"चौऱ्याण्णव. जिल्ह्यात सगळ्यात जास्त."

मी सवयीने थँक्यू म्हणाले.

"म्हणजे काय, मॅडम?" भरतने विचारलं.

"म्हणजे यांना आणखी किती थांबता येईल, त्याचा अंदाज. वैद्यकीय घाई आता कुणालाच नसते ना? मग नंबर कशावर लावायचा? बुडणाऱ्याला आधी बाहेर काढायचं, हे तर तुम्हालाही पटेल."

"आणि पोहता येतं त्याला?"

"तो पोहतो," डॉक्टर म्हणाल्या, आणि स्वतःचंच उत्तर न आवडल्यासारख्या तुळशीकडे बघायला लागल्या. आताच्या वेगाने आमचा नंबर अकरा वर्षांनी होता. दर महिन्याला आमच्या मागचे बुडणारे पुढे जात होते, त्यामुळे अकराची बाराही होणार होती.

भरत कधी चिडत नाही. त्या दिवशी तो गाडीत बसून स्टिअरिंगवर मुठी आपटत राहिला. मग म्हणाला, "रड. तुला काय अवघड आहे? पुढच्या गुरुवारी रड."

आम्ही तालीम केली. भरतने माझं रडणं रेकॉर्ड करून करून ऐकवलं, इथे श्वास जास्त ओढतेस, इथे नाटकी होतंय. आक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं, "अगं, मांजर आडकलंय का काय कुठं?" आक्का पोस्टात बत्तीस वर्षं खिडकीवर बसलेल्या, जगात त्यांना कुणाचं भय नाही. आम्ही तिघंही हसलो.

गुरुवारी मी जीव ओतून रडले. सोबतने पूर्ण ऐकून घेतलं.

"सुलक्षणाताई, आज तुम्ही स्टेजवरच्या आवाजात बोलताय. तालमीला बसला होतात का?"

मी डोळे पुसून टाकले.

"राग नाही मला," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी तुमचा आवाज खरंच हलायचा. आता नाही हलत. आपण दोघींनी मिळून किती काम केलंय, बघा."

मला भीती वाटली ती तेव्हा. मी इतकी वर्षं समजत होते की आत दुःख आहे आणि वर मी झाकण ठेवलंय. त्या संध्याकाळी मी झाकण उघडून बघायला बसले. आम्ही मुलीसाठी एक नाव ठरवून ठेवलं होतं, ते मनात म्हणून बघितलं. पाळणा डोळ्यांसमोर आणून बघितला. काही झालं नाही. दर गुरुवारी तीन-चार मिनिटं, हसत-खेळत, ते दुःख कुणीतरी चमच्याचमच्याने काढून नेलं होतं. मूल मला हवंच होतं. पण ते नसण्याचं दुखायचं बंद झालं होतं, आणि दुखत नाही म्हणून ते मला मिळणार नव्हतं.

अशी गोष्ट लपून राहते थोडीच! वर्षभरात धीरांक शब्द भाजीवाल्यांच्या तोंडी गेला. आपल्याकडे कशाचेही क्लास निघतात, तसे धीर सुटायचे क्लास निघाले. पण सोबत तालीम ओळखते हे लवकरच कळलं. खरं दुखायला हवं होतं. मग घरोघरी लोकांनी आपापली अक्कल चालवली. ज्या सासवांनी उभ्या जन्मात सुनेला उणं बोललं नव्हतं, त्या शेजारणींकडून जुने टोमणे शिकून आल्या. वांझोटी, खडकाळ रान, तोंड बघितलं की दिवस वाईट जातो. दोन पिढ्या खपून जे शब्द घराबाहेर काढले होते, ते लोकांनी औषध म्हणून घरात घेतले. सुनेला आधी सांगायचं नाही, एवढंच पथ्य. आमच्या ओळखीतल्या दोघींचे नंबर असे लागले. एकीच्या नवऱ्याने तर दुसरं लग्न ठरवल्याचं नाटक केलं. ते मात्र नंतर खरंच ठरलं.

शेजारच्या चौगुलेकाकू एकदा माझ्यासमोरच आक्कांना म्हणाल्या, "तुम्ही पण जरा दोन शब्द बोलायचे की. पोरीचं भलं होईल."

आक्कांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "माझा भरत नऊ वर्षांनी झाला. त्या नऊ वर्षांत माझी सासू काय काय बोलली, त्ये मी माझ्या नवऱ्याला पण सांगितलं नाही. तवाच ठरवलेलं, माझ्या सुनेच्या कानावर तसलं एक अक्षर पडायचं नाही. माझ्या उंबऱ्याच्या आत ही सोंगं चालायची न्हाईत. चहा घ्या आणि निघा."

मी त्या दिवशी आक्कांच्या गळ्यात पडले. त्यांनी "सोड, कढईत मोहरी जळायलीय" म्हणून मला ढकललं.

त्यानंतर साधारण चार महिन्यांनी आक्का बदलल्या.

आधी फक्त बोलणं कमी झालं. मी कार्यक्रमाहून आले की "जेवलीस का गं?" हा प्रश्न ठरलेला असायचा, तो बंद झाला. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. मग एका सकाळी मी देवाला फुलं वाहायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. आजपासून मी घालते." का, विचारलं तर त्यांनी फुलं माझ्या हातातून काढून घेतली. पुढच्या आठवड्यात पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या घरात काय, माईकवर बोलायला माणूस हाय. पाळण्यापाशी बोलायला न्हाई." पाहुणे खाली बघायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा तांब्या भरत राहिले.

मला शंका आली नाही असं नाही. मी सरळ विचारलं, "आक्का, तुम्हीपण औषध सुरू केलं की काय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "औषध कुणाला देतात? जिला गुण येणार तिला. माझं वय झालं सुली. मला आता गोडगोड बोलायचा कंटाळा आलाय."

भरतला विचारलं तर म्हणाला, "म्हातारपण आहे, सोडून दे." तो माझ्याकडे न बघता वायरी गुंडाळत होता.

गुरुवारी मी सोबतला सांगितलं. ती म्हणाली, वयाबरोबर माणसं अशी होतात, मनावर घेऊ नका, कार्यक्रम वाढवा, सकाळी फिरायला जा. मी फिरायला गेले. तीन-चार आठवड्यांत मला पुन्हा बरं वाटायला लागलं. आक्का पोखरायच्या आणि सोबत भरून काढायची.

अस्मिताला सातवा लागला. डोहाळजेवण माहेरी, म्हणजे आम्हीच करायचं. शंभर-दीडशे बायका, हॉल, फुलांचा झोपाळा. निवेदन मी, साऊंड भरतचा. मी कॉलरला माईक लावला होता, म्हणजे हात मोकळे राहतात. गाणी झाली, बर्फी की पेढा ओळखायचा खेळ झाला, बायका पोट धरून हसल्या. मग मी ओटीचा पुकारा केला आणि रिवाजाप्रमाणे पहिली ओटी भरायला भावजय म्हणून मीच ताट उचललं. नारळ, तांदूळ, खण, हळकुंड.

"थांब."

आक्का झोपाळ्याजवळ उभ्या होत्या. भरजरी हिरवं लुगडं, ताठ मान.

"ताट खाली ठेव."

"आक्का, बायका बघतायत," मी हळूच म्हणाले. माझं हळू बोलणं सगळ्या हॉलमध्ये घुमलं. कॉलरचा माईक चालू होता.

"बघू देत की. सात-आठ वर्षं तुझी कूस कोरडी. त्या हातानं माझ्या लेकीची ओटी भरतीस? तुझ्या हातचे तांदूळ तिच्या पदरात पडले आणि उद्या काय इपरीत झालं म्हंजे? तू शुभाच्या कामाला पुढं यायची बाई न्हाईस सुली. तू मागं बसायची बाई हाईस. इतकी वर्षं तुला कुणी सांगितलं न्हाई म्हणून तुला कळलं न्हाई."

प्रत्येक शब्द माझ्या कॉलरवरून चार मोठ्या स्पीकरांत जात होता. मी मिक्सरकडे बघितलं. भरत पंधरा फुटांवर बसला होता, त्याचं बोट माझ्या आवाजाच्या बटणावर होतं. एक बोट खाली ओढलं की माईक बंद. त्याने ते ओढलं नाही.

मी पुढचं वाक्य बोलायचा प्रयत्न केला. "यानंतर," असं म्हणाले, आणि माझा आवाज फुटला. जो आवाज आयुष्यात कधी कापला नव्हता, तो दीडशे बायकांसमोर चार स्पीकरांतून फुटला. अस्मिता झोपाळ्यावरून उठायला लागली, कुणीतरी तिला धरलं. ताट माझ्या हातून सुटलं.

गुरुवारपर्यंत मी खोलीबाहेर आले नाही. साडेचारला सोबतचा फोन आला आणि तिने "कसा गेला आठवडा?" म्हटल्याबरोबर मी जे बोलायला लागले ते चाळीस मिनिटं थांबले नाही. आक्का काय बोलल्या ते सगळं सांगितलं, एकूण एक. मूल हवंय, आत्ता हवंय, मला आता थांबता येत नाही, असं ओरडून सांगितलं. सोबत नुसती ऐकत होती. एकदाही तिने विषय बदलला नाही.

शुक्रवारी सकाळी निरोप आला. धीरांक सतरा. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला पेशी कुपीत.

मी निरोप वाचेपर्यंत भरत दारात येऊन उभा होता. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. सगळं त्याने सांगितलं. त्यानेच आक्कांना विनवलं होतं; तीन महिने त्या नाही म्हणत होत्या; शेवटी त्यांनीच सांगितलं की बारीकसारीक बोलून भागायचं नाही, चारचौघांत व्हायला पाहिजे, त्यांच्या सासूने त्यांना तसंच मोडलं होतं. अस्मितालाही काही माहीत नव्हतं.

मागे आक्का उभ्या होत्या. चार दिवसांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "त्या म्हातारीचे शब्द होते गं ते. माझ्या सासूचे. जसेच्या तसे. चाळीस वर्षं कुणाला सांगितले न्हवते, ते तुझ्या अंगावर टाकले. मला चपलेनं मार."

मी हसले, रडले, त्यांना मिठी मारली. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणाले. आक्कांनी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि मला समोर बसवून वाढल्या. "जेवलीस का गं?" परत सुरू झालं. सगळं पहिल्यासारखं झालं होतं, आणि तसंच मी सगळ्यांना सांगत होते. फक्त आक्का मागून खोलीत आल्या की माझी पाठ ताठ व्हायची. सवय आहे, जाईल, असं मी स्वतःला म्हणायचे.

पुढच्या गुरुवारी सोबतने साडेचारला फोन केला. नेहमीचं हसणं नव्हतं.

"सुलक्षणाताई, उपचाराआधी एक नोंद पूर्ण करायची आहे. तुमचा धीरांक घरातल्या व्यक्तीमुळे खाली आला. असे प्रकार वाढल्यामुळे केंद्राने नियम केला आहे. मी एक प्रश्न विचारेन. उत्तर हो किंवा नाही असं एकच द्यायचं. प्रश्न असा: तुमच्या सासूबाईंनी तुमचा छळ केला का?"

मी टेबलापलीकडे आक्कांकडे बघितलं.

"घाई नाही. उत्तर नाही असेल तर तो बनाव धरला जाईल आणि तुमचं नाव यादीतून कायमचं निघेल. उत्तर हो असेल आणि ते खरं आढळलं, तर उपचार ठरल्याप्रमाणे होतील. मात्र सासूबाईंची छळाच्या नोंदवहीत नोंद होईल. त्यांना तुमच्या घरात राहता येणार नाही, आणि केंद्रातून झालेल्या कुठल्याही मुलाजवळ ते पाच वर्षांचं होईपर्यंत जाता येणार नाही. हो म्हणालात आणि ते खोटं आढळलं, तरी नाव निघेल. मी साडेपाचला पुन्हा फोन करते."

स्पीकर चालू होता. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाभोवती बसलो होतो.

"कुठल्याही मुलाजवळ," मी म्हणाले. "म्हणजे अस्मिताच्या बाळाजवळसुद्धा."

"ऐकलं मी," आक्का म्हणाल्या. "हो म्हण."

"आक्का, पाच वर्षं! आणि छळाची नोंद. गावभर होईल."

"होऊ दे. मी जतला भावाकडं जाईन. पोस्टातनं सुटल्यापासून तसं पण माहेरी राहणं झालं न्हाई." त्या हसल्या. "पाच वर्षं म्हंजे काय? मी नऊ काढली."

भरत मान खाली घालून बोलला. "हो म्हणून तरी काय उपयोग? छळ झालाच नाही. आईने नाटक केलं हे सुलूला आता माहीत आहे. खोटं बोललेलं सोबतला लगेच कळतं. हो म्हटलं तरी नाव जाणार, नाही म्हटलं तरी जाणार."

हे खरं होतं. तो तासभर आम्ही तेच तेच फिरून बोलत होतो.  आठ वर्षं थांबून, एवढं सोसून, बारा तारीख समोर दिसत असताना एका शब्दावर सगळं जाणार होतं.

साडेपाचला पाच मिनिटं असताना आक्कांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली. गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "माझ्याकडं बघ. त्या दिवशीचं माझं तोंड आठव. ताट खाली ठेव म्हटलं त्ये आठव. तुला तेव्हा ठावं होतं का नाटक हाय म्हणून? न्हवतं ना? मग तेवढंच मनात आण. एकच शब्द तर हाय पोरी. हजार माणसांत बोलतीस तू."

त्या मला धीर देत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मायाळू, सुरकुतलेलं, आठ वर्षं ओळखीचं तोंड.

फोन वाजला.

"सुलक्षणाताई, तुमच्या सासूबाईंनी तुमचा छळ केला का?"

मला वाटलं, आता आवाज कापणार, पकडली जाणार आणि सगळं संपणार. मनातून मला तसंच व्हायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"हो," मी म्हणाले.

सोबत तपासत होती. आक्कांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि त्या पुटपुटत होत्या, "यंत्र खोटं म्हणणार, खोटं म्हणणार."

"धन्यवाद," सोबत म्हणाली. "उत्तर खरं आढळलं. तुम्ही फार सोसलंत, सुलक्षणाताई. बारा तारखेला सकाळी आठ वाजता या."

भरतने दोन्ही हात वर केले, आणि मग आमच्याकडे बघून ते खाली घेतले. आक्का माझ्याकडे बघत होत्या. हे यंत्र शब्दांना फसत नाही, हे आम्हा तिघांनाही चांगलं माहीत होतं. मी म्हणाले, "आक्का, तसं नाही," आणि माझा आवाज अजिबात कापला नाही.

त्यांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि माळ्यावरची बॅग काढायला भरतला हाक मारली.